गॅरेजमधलं गुऱ्हाळ

आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, पातेल्यावर वाकून वाफ नाकात घेतली आणि म्हणाले, "हे तर गुऱ्हाळच की रं!"

जुलै २०१८. मिशिगनमधल्या नोव्हायचं आमचं गॅरेज. गाडी बाहेर उन्हात काढलेली. आत प्रोपेनच्या शेगडीवर स्टीलचं भलंमोठं पातेलं आणि त्यात पंचवीसेक लिटर तपकिरी, गोड, चिकट पाणी खदखदतंय. आप्पा माळकरी. आयुष्यात कधी दारूला शिवलेले नाहीत. सकाळपासून मी त्यांना टाळत होतो. "जवाचं काहीतरी करतोय" एवढंच पुटपुटलो होतो. पण कागलकडच्या माणसाला उकळत्या गोड रसाचा वास आला की पाय आपोआप तिकडे वळतात.

मी करत होतो ती बिअर. तीही माझी नव्हे, दुसऱ्याच्या बिअरची नक्कल.

'टू हार्टेड' नावाची एक आयपीए, म्हणजे 'इंडिया पेल एल' या जातीची बिअर आहे, इथल्याच कॅलमझू गावच्या बेल्स ब्रुअरीची. मिशिगनच्या उत्तरेकडच्या द्वीपकल्पात या नावाची नदी आहे, लेक सुपीरियरला जाऊन मिळते. तिच्यावरून बिअरचं नाव, आणि लेबलावर ट्राउट मासा. मी २०१२ च्या नोव्हेंबरात इथे आलो. दारूच्या दुकानाला इथे 'पार्टी स्टोअर' म्हणतात हेही मला ठाऊक नव्हतं. नाव वाचून फुगे आणि टोप्या मिळतील असं वाटलं होतं. आमच्या अपार्टमेंटच्या कोपऱ्यावर असंच एक होतं. आत शिरलं की डाव्या हाताला फ्रीज, उजव्या हाताला उघडी फळी, आणि फळीच्या वर गरम हवेचं तोंड. त्या फळीवर माशाचं लेबल दिसलं. मी मासे खाणारा. सहा बाटल्यांचा खोका उचलला.

पहिल्या घोटाला काय वाटलं ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. गूळ घालून केलेल्या कारल्याच्या भाजीत कसं, कडू आधी लागलं की गोड हे ठरवता येत नाही, तसं काहीतरी. मधासारखा जाडसर गोडवा, त्याच्या पाठोपाठ शांतपणे येणारा कडवटपणा, आणि फार लांबून, शेजारच्या खोलीत कुणी पपनस सोलत असावं असा वास. तेव्हापासून पाच-सहा वर्षं दर महिन्या-दीड महिन्याला त्याच फळीवरून तोच खोका. घर बदललं, दुकान बदललं नाही.

तेव्हा लोक विचारायचे, दहा-बारा डॉलरमध्ये सहा बाटल्या मिळतात तर घरी खटाटोप कशाला? खरं उत्तर असं की ती नक्कल सोपी वाटली. बिअरला कडवटपणा आणि वास येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांनी. बहुतेक आयपीएत तीन-चार जातींचे हॉप्स मिसळलेले असतात, हिच्यात एकच: सेंटेनियल. वॉशिंग्टन राज्यात पैदास झालेली आणि १९९० साली बाजारात आलेली ही जात. मसाला एकच, तर चुकणार काय, असा माझा हिशोब. एकच मसाला असला की लपायला जागा उरत नाही हे कुठल्याही सुगरणीने मला सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

शिवाय कृती गुप्त नाहीच. या ब्रुअरीचा जन्मच घरी बिअर करणाऱ्यांच्या दुकानातून झाला. बेकरीत काम करताना लॅरी बेल नावाच्या तरुणाला घरी बिअर करायचा नाद लागला. १९८३ साली त्याने कॅलमझूमध्ये घरगुती बिअरच्या सामानाचं दुकान टाकलं आणि १९८५ मध्ये पंधरा गॅलनच्या सुपाच्या पातेल्यात केलेली बिअर विकायला सुरुवात केली. हा नाद तेव्हा कायदेशीर होऊन फार वर्षं झाली नव्हती. अमेरिकेत दारूबंदी उठली १९३३ मध्ये, पण घरी बिअर करायला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली ती थेट १९७८ च्या कायद्याने, कार्टर अध्यक्ष असताना. वर्षाला माणशी शंभर गॅलन, दोन प्रौढांच्या घराला दोनशे. हे वाचून मी बायकोला म्हटलं, आपला कोटा साडेसातशे लिटरचा आहे. ती म्हणाली, "माझे शंभर गॅलन मी परत करते." आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याप्रमाणे नुसती प्यायलासुद्धा परवाना लागतो, घरी गाळण्याबद्दल तर बोलायलाच नको. गावाकडच्या मित्राला फोटो पाठवला तर त्याने पहिला प्रश्न विचारला, "धाड पडत नाही होय?"

कृती अशी, साधारण एकोणीस लिटरसाठी: साडेचार किलो टू-रो माल्ट, सव्वा किलोच्या आसपास जरा जास्त भाजलेलं पेल माल्ट, पाव किलोला थोडं कमी कॅरॅमल माल्ट. सेंटेनियल दोनदा उकळीत, चौतीस-चौतीस ग्रॅम. मग आंबून झाल्यावर थंड बिअरमध्ये शंभरेक ग्रॅम कोरडे हॉप्स, आठवडाभर. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. नाचणीचं सत्त्व केलेल्या माणसाला यातलं मर्म सांगावं लागत नाही: मोड आला की दाण्यातली पाचकं जागी होतात. ते दाणे भरडून सहासष्ट अंशांच्या पाण्यात तासभर भिजत ठेवले की पिठाची साखर होते. चार-पाच अंश इकडेतिकडे झाले तर बिअर एकतर पाणचट नाहीतर गुळमट. पाणी गोड झालं की गाळायचं, उकळायचं, हॉप्स टाकायचे, झटकन थंड करायचं, यीस्ट घालायचं आणि देवावर हवाला.

पहिली खेप एप्रिलमध्ये केली. तिला बँडेडच्या पट्टीचा वास आला. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माल्टमधल्या फेनॉल्सशी जुळला की हाच वास येतो. उपाय अर्ध्या गोळीचा आहे, पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या. म्हणजे आपल्या बायका कैरीच्या, लिंबाच्या स्क्वॅशमध्ये घालतात ते केएमएस. एकोणीस लिटर मोरीत ओतलं. त्यावर अधिक बोलत नाही.

दुसऱ्या खेपेला यीस्टचं खूळ डोक्यात शिरलं. बेल्सचं यीस्ट त्यांचं स्वतःचं आहे, पण ते बिअर गाळून साफ करत नसल्याने बाटलीच्या तळाशी त्याचा पांढरट साका बसलेला असतो. तेच विरजण. जाणकार सांगतात की टू हार्टेडमधलं घेऊ नका, सात टक्के दारूत राहून ते थकलेलं असतं; त्याच ब्रुअरीची सौम्य अँबर एल घ्या. मी अँबरच्या चार बाटल्या हळूच ओतल्या आणि तळाचा दोन-दोन चमचे गाळ उकळून थंड केलेल्या पातळ माल्टच्या पाण्यात घातला. आधी शंभर मिली, दोन दिवसांनी अर्धा लिटर, मग दीड लिटर. एकदम जास्त पाण्यात घातलं तर मूठभर यीस्टचा निभाव लागत नाही, दुसरेच जंतू घर करतात. दोन दिवस काहीच घडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बरणी हलवली तर फेस वर आला आणि बेकरीसारखा वास सुटला. तेव्हा मला जो आनंद झाला तो नोकरीतल्या बढतीला झाला नव्हता. बायको दह्याचं विरजण ज्या फ्रीजमध्ये ठेवते त्यातच माझी बरणी. तिने दोन्हींवर चिकटपट्ट्या लावल्या: 'माझं' आणि 'ह्यांचं'.

तर, जुलै, आणि आप्पा पातेल्यापाशी.

एकदा गुऱ्हाळ म्हटल्यावर त्यांना थांबवणं शक्य नव्हतं. शेगडीकडे बघून म्हणाले, "चुलवाण लई बारकं हाय." पातेल्याला काहील म्हणू लागले. उकळीआधी वर तपकिरी फेस धरतो, तो त्यांनी बघितला आणि झारा मागितला. "मळी काढ. मळी काढली न्हाईस तर गूळ काळा पडंल." मी म्हटलं, गूळ नाही करायचा, आप्पा. ते म्हणाले, "मग काय झालं, घाण ती घाणच." आणि स्वतःच झारा घेऊन उभे राहिले. फेस उतू जायला आला तेव्हा स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, "दोन थेंब एरंडेल आण गं!" गुऱ्हाळात रस उतू जाऊ लागला की तेलाचे थेंब टाकतात, फेस बसतो. मी जवळजवळ झडप घातली. बिअरमध्ये तेल पडलं की पेल्यात ओतल्यावरचा फेस मरतो. शेवटी पाण्याचा फवारा मारून फेस बसवला.

उकळी संपायला पंधरा मिनिटं असताना मी चिमूटभर आयरिश मॉस टाकलं. एक प्रकारचं समुद्री शेवाळ. उकळत्या पाण्यातल्या प्रथिनांना धरून तळाशी नेतं, बिअर नितळ होते. आप्पांनी विचारलं, हे काय? सांगितलं. ते एकदम खूश झाले. "म्हणजे भेंडी!" आमच्याकडे रानभेंडीचं खोड ठेचून त्याचा चिकट रस काहिलीत टाकतात, त्याला सगळी मळी चिकटून वर येते. कुणा कोळ्याच्या बायकोने कधीतरी शेवाळ उकळून पाहिलं असेल आणि कुणा कुणब्याने भेंडी ठेचून. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही आणि अक्कल एकच. आप्पा मग बराच वेळ त्यांच्या लहानपणच्या गुळव्याबद्दल बोलत राहिले. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं, तापमापक नव्हता. बुडबुड्यांचा आवाज बदलला की चमचाभर पाक थंड पाण्यात टाकून बोटांत गोळी वळायचा आणि "उतरा" म्हणायचा. त्याने उतरा म्हटल्यावर पाटलाचीही हिंमत नव्हती आणखी दोन मिनिटं ठेवायची.

माझ्याकडे तापमापक होता, घनता मोजायची काचेची नळी होती, फोनवर तीन गजर होते. थंड केलेलं गोड पाणी मी त्यांना वाटीत दिलं; त्यात अजून यीस्ट पडलं नव्हतं, माळेला बाध नव्हता. त्यांनी जिभेवर घोळवलं. "काकवीत कडुलिंब पडल्यागत लागतंय," म्हणाले. "हे लोक पैसं देऊन पितात?"

नळीवर १.०६३ चा आकडा आला होता, दोन आठवड्यांनी १.०११. म्हणजे जवळजवळ सात टक्के दारू. गणित जमलं. फक्त बाटल्या भरताना माझ्याकडून चूक झाली. सायफनची नळी एका टोकाला सैल होती आणि सगळा वेळ बुडबुडे सोडत हवा आत ओढत होती. मला ते शेवटच्या पाच बाटल्यांना कळलं. हॉप्सवाल्या बिअरला हवेइतका वैरी दुसरा नाही. सुगंध उडतो, माल्टचा गोडवा जड होतो, पुढे पुढे ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

पाचेक आठवड्यांनी बाटली उघडली. पहिलाच घोट घेतला आणि खुर्चीत ताठ बसलो. मधासारखा जाडसर गोडवा. शांत कडवटपणा. लांबवर पपनस. हीच ती! मी शेजाऱ्याला हाक मारली. हा जन्मापासून मिशिगनचा, निवृत्त, तीस वर्षं घरी बिअर करणारा माणूस. त्याने घोट घेतला, तोंडात फिरवला आणि अंगणातल्या गवतावर थुंकला. "पुठ्ठा," म्हणाला. मी म्हटलं, अगदी टू हार्टेडसारखी झालीय. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आताच विमानातून उतरलोय.

त्याच्या देखरेखीखाली तिसरी खेप ऑक्टोबरात झाली. नळीची टोकं त्याने स्वतः आवळली. कोरडे हॉप्स टाकताना झाकण क्षणभरच उघडलं. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर खोलीभर पपनस. पपनसाची साल, राळ, कसलंसं फूल, आणि कडवटपणा असा की जिभेच्या दोन्ही कडांना चिमटा. शेजारी डोळे मिटून प्याला आणि मान हलवली. मी मात्र निराश झालो. बिअर उत्तम होती, पण माझी नव्हती. "कुठेतरी चुकलंय," मी म्हटलं. "गोडवा कुठाय?"

त्याने वाद घातला नाही. डिसेंबरातल्या एका शनिवारी मला गाडीत घातलं आणि आय-९४ वरून दोन तास पश्चिमेला, कॅलमझूला नेलं. बेल्सचं जुनं ठिकाण तिथे गावातच आहे, शेजारी त्यांचं पबही. मिशिगनमध्ये ब्रुअरीला आपल्या जागेतच बिअर पाजायची परवानगी १९९३ च्या सुमारास मिळाली, आणि तसं करणाऱ्यांत बेल्स पहिली. (२०२१ मध्ये लॅरी बेल निवृत्त झाला आणि कंपनी जपानच्या किरिन समूहाकडे गेली, पण हा त्याआधीचा प्रवास.) काउंटरवर नळाची टू हार्टेड मागवली. पेला ओठांशी नेण्याआधीच कळलं. पपनस, राळ, फूल. चिमटा. ती माझी तिसरी खेप होती. एका केसाचा फरक असेल तर माझ्या नाकाला तो कळला नाही.

मी गप्प बसलो. शेजारीही गप्प बसला, पण त्याचं गप्प बसणं वेगळं होतं.

घरी आल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातला खोका काढला. लेबलावर बारीक अक्षरात बॅचचा क्रमांक असायचा. ब्रुअरीच्या संकेतस्थळावर तो टाकला की बाटली कधी भरली ते कळायचं. सहा वर्षांत मला कधी सुचलं नव्हतं. मेमध्ये भरलेली बाटली होती. म्हणजे सात महिने, त्यातले बरेचसे त्या गरम हवेच्या तोंडाखाली. त्या दुकानात माझ्याशिवाय ही बिअर फारसं कुणी घेत नसावं. मी सहा वर्षं ब्रुअरीची बिअर पितच नव्हतो. ब्रुअरी, ती फळी आणि तो हीटर अशा तिघांनी मिळून केलेली बिअर पीत होतो. आणि नक्कल करायला निघालो होतो एकट्या ब्रुअरीची.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या घरगुती बिअर करणाऱ्यांच्या संघटनेने अमेरिकेतली सर्वांत चांगली बिअर कोणती यावर सभासदांची मतं घेतली, तेव्हा टू हार्टेडने आठ वर्षं पहिल्या राहिलेल्या 'प्लायनी द एल्डर' या बिअरला खाली उतरवलं. माझ्यासारख्याच नकलाकारांची मतं ती. मीही मत दिलं असतं, पण भलत्याच बिअरला.

या सगळ्यात नावातल्या 'इंडिया'ची गंमत मला फार उशिरा कळली. ऑफिसात नेहमी विचारायचे, "तुमच्या देशाची बिअर ना?" मी हसून सोडून द्यायचो. मुंबईला वा कलकत्त्याला ती कुणी बनवत नव्हतं, लंडनहून यायची. पूर्व लंडनच्या बो भागात हॉजसनची ब्रुअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्यापासून जवळ. कप्तान लोक उधारीवर पिंपं उचलायचे. पुढे १८२० च्या दशकात बर्टनचे ऑलसॉप वगैरे त्या धंद्यात उतरले. हॉजसनने मुद्दाम हिंदुस्थानासाठी नवी बिअर शोधून काढली ही गोष्ट सगळीकडे सांगतात, ती खरी नाही. भरपूर हॉप्सच्या फिकट बिअरी इंग्लंडात आधीपासून होत्या, आणि साधे गोरे शिपाई तर हिंदुस्थानात बरीचशी काळी पोर्टर बिअर पीत. खरी करामत प्रवासाची. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार ते सहा महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडून, जहाजाच्या पोटात डुचमळत. जी बिअर इंग्लंडातल्या तळघरात वर्ष-दीड वर्षाने मुरायची ती मुंबईच्या धक्क्यावर सहा महिन्यांत मुरून उतरायची. साहेबाला आवडली ती ही, उन्हात शिजलेली.

आज मात्र आयपीए ताजी पिणं हा धर्म आहे. शेजाऱ्यासारखे लोक तारीख बघितल्याशिवाय खोका उचलत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. एवढे शंभर ग्रॅम हॉप्स टाकून त्यांचा वास उडू द्यायचा म्हणजे वेडेपणा. मी त्याला जहाजाची गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, त्या काळी लोक दातही काढायचे, भूल न देता.

मला मात्र कालची आमटी आजच्यापेक्षा चांगली लागणाऱ्या घरात वाढल्याचा फायदा म्हणा की तोटा. कॅलमझूहून आल्यावर तिसऱ्या खेपेच्या अठरा बाटल्या उरल्या होत्या. सहा शेजाऱ्याला दिल्या, हक्काच्या होत्या. उरलेल्या बारा एका पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून तळघरात नेल्या आणि जिथे घर तापवणाऱ्या फर्नेसचा पत्रा गरम असतो तिथे, भिंतीला लावून ठेवल्या. खोक्यावर मार्करने लिहिलं: 'हात लावू नये. जूननंतर.'

त्या रविवारी आप्पांचा फोन आला. कागलकडे गुऱ्हाळं पेटली होती, मागे कुणीतरी ओरडत होतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "ते तुझं कडू पाणी काय झालं?"

"मुरत ठेवलंय, आप्पा."

"किती दिवस?"

"सहा महिने."

थोडा वेळ नुसता गुऱ्हाळाचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "मधनं मधनं बघत जा. कुणीतरी उतरा म्हणाया पायजे."